उलट्या तारेचा आवाज

बाबा,

तुम्ही ज्याला आयुष्यभर दोष म्हणालात तो मी मुद्दाम तयार केला, डब्यात बसवला आणि काल अकोल्याला, आपल्याच वस्तीतल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात, चारचौघांसमोर वाजवून दाखवला. आज सकाळच्या गाडीनं अमरावतीला परत आले आणि चहासुद्धा न ठेवता हे लिहायला बसले. तुम्ही असता तर हे तोंडावर सांगितलं असतं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून ‘काहून पण?’ एवढंच विचारलं असतं आणि उत्तर ऐकायच्या आत उठून गेला असता. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तेव्हा निदान या वेळी तुम्हाला मध्येच उठून जाता येणार नाही. माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

त्या यंत्राला फेजर म्हणतात. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये, वाजवणाऱ्याच्या पायाशी ठेवायचा लहानसा डबा, वर पायानं दाबायचं एक बटण. गिटारचा आवाज आत शिरला की त्याला दोन वाटा फुटतात. एक वाट सरळ बाहेर निघते. दुसरी चार टप्प्यांतून जाते आणि दर टप्प्यावर आवाजाची लाट जराशी मागे सरकते. शेवटी दोन्ही वाटा एकत्र येतात तेव्हा काही सूर एकमेकांना जोर देतात आणि काही एकमेकांना खातात. ‘खातात’ हा शब्द तुमचाच. दोन बॉक्सपैकी एकाची तार उलटी लागली की तुम्ही म्हणायचात, ‘एक आवाज दुसऱ्याले खाते.’ फेजरमध्ये हे खाणं एका जागी थांबत नाही. आतला एक संथ झोका ते वरखाली हलवत ठेवतो, म्हणून साधी तार छेडली तरी आवाज पोकळ होतो, भरून येतो, पुन्हा पोकळ होतो. विहिरीच्या काठाकाठानं फिरत कोणी गावं तसं काहीसं. ऐकायला फार सुंदर लागतं. तुम्हाला लागलं नसतं.

कारण आपलं दुकान उभं होतं ते आवाज सरळ ठेवण्यावर. अकोल्यात स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, सायकलच्या दुकानाला लागून ती अरुंद खोली, पुढे काउंटर, मागे छतापर्यंत रचलेले बॉक्स. अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे आणि सभा-लग्नांना साउंड लावायचं, दोन्ही कामं तुम्ही आणि काका मिळून करायचात. काका सख्खे नव्हते, भागीदार होते, पण मला तुमच्यापेक्षा तेच जास्त सख्खे वाटायचे, हेही आज सांगून टाकते. दुरुस्त झालेला प्रत्येक स्पीकर तुम्ही सेल लावून तपासायचात. टॉर्चचा एक सेल, त्याला दोन तारा. तारा टेकवल्या की स्पीकरचा पडदा एक तर पुढे यायचा नाही तर मागे ओढला जायचा. तुम्ही माझं बोट त्या पडद्यावर ठेवायचात. ‘काय म्हनते?’ ‘पुढं आला, बाबा.’ ‘मंग सेलची अधिक बाजू जिथं टेकली थेच अधिक.’ आणि त्या टोकाशी आईच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचात. पुढे साउंड लावताना कोणी डोकं चालवायचं नाही, लाल तार लाल ठिपक्याला जोडायची, इतकंच. आईनं स्वतःसाठी ते नेलपॉलिश क्वचितच लावलं असेल. आपल्या घरात नटायचे ते स्पीकर.

लोड शेडिंगच्या दिवसांत तर दुकान स्वयंपाकघरातच यायचं. विजेचा सोल्डर बंद, म्हणून तुमचा तो जुना, तांब्याच्या जाड टोकाचा सोल्डर गॅसवर तापायचा आणि आई भाकरीचं पीठ हातात धरून उभी. ‘भाकरीच्या आगीवर तुमचं शिसं नका तापवू जी,’ ती म्हणायची. तुम्ही ऐकलं न ऐकलंसं करायचात. मी ओट्याला टेकून तारांची टोकं सोलत असायची. तारेला डाग देताना निघणारा राळेचा तो धूर मला आवडायचा. भाकरीचा वास आणि राळेचा धूर अजूनही माझ्या डोक्यात वेगळे होत नाहीत, आणि मला ते वेगळे करायचेही नाहीत. दुकानाची आणखी एक खोड होती. हातात आलेल्या प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरला तुम्ही आपल्याकडून एक चपटा, बिस्किटी रंगाचा, तुरीच्या डाळीएवढा कपॅसिटर जोडून द्यायचात, आवाजाच्या तारेपासून अर्थिंगला. त्यानं सूंऽऽ अशी खरखर जमिनीत जायची. गिऱ्हाईक खूश. ‘तुमच्या हातचा आवाज गोड हाये,’ म्हणायचे. आवाजातल्या वरच्या सुरांचं पाणीही त्याच वाटेनं जमिनीत जात होतं, हे कोणाला कळत नव्हतं. भाषणाला तेवढं पुरत होतं.

आता बाळापूर. मी आठवीत आहे. मोठी सभा आहे, वक्ते नागपूरहून आलेत, मंडप गच्च भरलाय. स्टेजच्या डावी-उजवीकडे आपले दोन मोठे बॉक्स. जोडणी मी केलीय, सगळी, एकटीनं, कारण तुम्ही जनरेटरपाशी अडकला आहात आणि काका माइक बांधतायत. लाल तार लाल ठिपक्याला. भाषण सुरू होतं, आणि मंडपाच्या मधोमध बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागतात. वक्त्याचा आवाज तिथे पार पातळ होतोय, पोटच नाही त्याला. तुम्ही धावत येता, उजव्या बॉक्समागे वाकता, तारा उलट्या करता आणि आवाज एकदम घट्ट होतो. मी तुमच्या मागोमाग आलेली असते. तुम्ही उभे राहता आणि पुढच्या दोन-तीन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणता, ‘एवढंसं काम जमलं नाई तुले? उद्यापासून घरी बसजो. पोरीच्या जातीचं काम नव्हे हे.’ मी रडले. सगळ्यांनी ते शरमेचं रडू समजून माझ्याकडे बघायचं टाळलं.

तुमच्या त्या वाक्यावर मी खूप वर्षं विचार केला. आपलं घर कसलं? आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून ज्या घरात कोणी कोणाची जात काढायची नाही असा दंडक, बावीस प्रतिज्ञा पाठ, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. त्या घरात पोरीची जात मात्र शिल्लक राहिली होती, आणि ती बाळापूरच्या मंडपात तुम्ही बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी मी दुकानात आले तर तुम्ही काउंटरची फळी खाली पाडून आडवे उभे राहिलात. आई म्हणाली, ‘बाप हाये, राग शांत झाला की घेईल बोलावून.’ राग शांत झाला, बोलावणं आलं नाही. दहावी पास झाले तेव्हा तुम्ही नवाकोरा टेपरेकॉर्डर आणून दिलात आणि वर बजावलंत, ‘खोलून पाहू नको.’ मी तो दुसऱ्याच दिवशी खोलला. परत लावताना एक स्क्रू उरला तो खिशात ठेवला. तुम्ही टेपरेकॉर्डर हातात घेऊन हलवलात, आतून काही वाजतं का ते ऐकलंत आणि परत ठेवलात. त्या क्षणी तुम्ही हसला असता तर पुढचं पुष्कळ वेगळं झालं असतं. नाही हसलात.

मी शिकले, अमरावतीला एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले. मुलं करंट मोजायला शिकतात, मी त्यांच्या जळालेल्या तारा बदलते. गिटार फार उशिरा आली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, आणि कोणी शिकवली नाही. आता आमचा पाच बायकांचा गट आहे, जयंतीला, बुद्धपौर्णिमेला गाणी म्हणतो, गाणी आमचीच. ढोलकी आहे, पेटी आहे, आणि माझी गिटार. पहिल्या वर्षी अंजनगावला एक गृहस्थ म्हणाले, ‘ताई, भीमगीताले गिटार शोभते काय?’ मी म्हटलं, ‘बाबासाहेबांना कोट शोभला, मग याला काय झालं?’ तुमच्यापुढे असं उत्तर मला कधी सुचलं नाही, याचा मला अजून राग आहे.

तुम्ही गेल्यानंतर काकांनी साउंडचं काम चालू ठेवलं, आणि मागच्या दिवाळीच्या सुमाराला जुने बॉक्स भंगारात द्यायचं ठरवलं. मला फोन आला, ‘तुया बापाचं काही पाहिजे असन तं घेऊन जाय.’ मी गेले. तो उजवीकडचा बॉक्स मी दुरून ओळखला, कोपरा तुटलेला. मागे पाहिलं. एका टोकाशी ब्लेडनं खरवडलेली जागा होती, लाकूड पांढरं पडेपर्यंत खरवडलेली, कडेला लालसर रेघ उरलेली. लाल ठिपका दुसऱ्या टोकाशी होता. मी काकांकडे पाहिलं. काका खुर्चीत सावकाश बसले. ‘त्यानंच खरवडलं,’ ते म्हणाले. ‘बाळापूरहून आलो आन् त्यानं सेल लावून पाह्यला. त्या स्पीकरची कॉइल त्यानंच बदलली होती आदल्या हप्त्यात, घाईघाईत. टोकं उलटी झाली आन् ठिपका जुनाच राहिला होता.’ मी विचारलं, ‘मला का नाही सांगितलं?’ काका म्हणाले, ‘मले म्हने, कोनाले सांगू नको. मंग मी बी नाई सांगतलं.’ आणि थोड्या वेळानं, ‘चुकलंच थे,’ असं म्हणाले. दोघांपैकी कोणाचं, ते बोलले नाहीत.

म्हणजे तुमचाच नियम तुम्हीच मोडला होता, बाबा. दुरुस्तीनंतर सेल लावायचा राहिला. मी तुमच्या ठिपक्यावर विश्वास ठेवला, आणि त्या विश्वासाबद्दल घरी बसले. तुम्हाला त्याच संध्याकाळी कळलं होतं. ठिपका दुरुस्त करायला तुम्हाला ब्लेड सापडलं, माझ्यापाशी येऊन दोन शब्द बोलायला मात्र काही सापडलं नाही. लोक म्हणतात गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये. मी बोलणार. तुम्ही माझ्यावर अन्याय केला. तुम्ही इतरांशी सरळ होता, गिऱ्हाइकाची वस्तू मनापासून दुरुस्त करायचात, हे सगळं खरं, आणि म्हणूनच हे जास्त लागतं.

बॉक्स मी आणला नाही. गाडीत बसून अमरावतीला येईपर्यंत ठरवून टाकलं की फेजर विकत घ्यायचा नाही, आपणच बांधायचा. सर्किट डायग्राम मिळाला, सुटे भाग घ्यायला इथल्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, ‘मुलाचा प्रोजेक्ट हाये काय ताई?’ म्हटलं, ‘नाही, माझाच.’ ‘मंग तं पुरं सामान नीट पाहून घ्या, परत घेत नाई आमी.’ जे त्याच्याकडे नव्हतं ते कुरिअरनं मागवलं. चार टप्प्यांना चार ट्रान्झिस्टर लागतात, आणि ते चौघं एका स्वभावाचे लागतात, नाही तर झोका एकसारखा जात नाही. एका घाण्यातून निघालेलेसुद्धा सारखे नसतात. मूठभर घेतले आणि एकेक मीटरवर लावून मोजत बसले. बोटांची ऊब लागली तरी आकडा सरकतो, म्हणून चिमट्यानं धरायचे आणि थंड होईपर्यंत थांबायचं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात थंड होणार तरी कसे, कूलरसमोर धरले. तुम्हाला हे काम आवडलं असतं. मी हे मान्य करते, पण तुम्हाला बोलावलं नसतं.

सगळं जोडून झालं, गिटारचा पट्टा गळ्यात घातला, बटण दाबलं. गिटार वाजली, खरखर अजिबात नाही, पण झोका नाही. गोधडीखालून वाजवल्यासारखा मऊ, गोड, मेलेला आवाज. झोका जुळवायचा बारका स्क्रू फिरवून पाहिला, ट्रान्झिस्टर पुन्हा मोजले, एकेक जोड पुन्हा तापवला. आठवडाभर रोज कॉलेजातून आल्यावर तेच. आमच्या गटातली ढोलकीवाली म्हणाली, ‘आता दे सोडून, तुयाकडून नाई होत थे.’ तिनं सहज म्हटलं, पण मला बाळापूरच ऐकू आलं. मी डायग्राम आणि बोर्ड शेजारी ठेवून बोट फिरवत गेले, आणि आवाज बाहेर पडायच्या तारेशी बोट थांबलं. तिथे एक चपटा, बिस्किटी कपॅसिटर होता, तुरीच्या डाळीएवढा. डायग्राममध्ये तो नव्हताच. मी कधी लावला मला आठवेना. माझ्या हातानं लावला होता, आपल्या दुकानाच्या सवयीनं, काम संपताना कपाळावरचा घाम पुसावा तसा. फेजरची सगळी गंमत असते आवाजाच्या वरच्या अंगात, आणि ती सगळी मी तुमच्या रीतीनं जमिनीत घालत होते.

मला हसू आलं आणि मग संताप आला. तुम्ही मला दुकानातून काढलंत, पण दुकान माझ्या हातातून काढलं नव्हतंत. मी सोल्डर तापवला आणि तो कपॅसिटर उपटला. बटण दाबलं. आधी खरखर आली, सूंऽऽ करत, आणि तिच्या मागोमाग तो आला. पोकळ, भरलेला, पुन्हा पोकळ. खरखर असू दे, म्हटलं. जिवंत आवाजाला थोडी खरखर असतेच.

काल संध्याकाळी आपल्या वस्तीत, विहारापुढच्या मोकळ्या जागेत, स्टेज होतं. काका सत्तरी ओलांडून गेलेत, तरी मिक्सरपाशी तेच. दोन बॉक्स, डावा-उजवा. दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला गिटार एकटी आहे. मी बटण दाबलं, तार छेडली आणि आवाज सगळ्या मैदानावर गोल फिरायला लागला. काका खुर्चीतून उठले. गुडघ्यांना धरत, जमेल तेवढं भरभर, उजव्या बॉक्सकडे निघाले आणि मागे वाकून तारांना हात घातला. ‘थांबजो पोरी, बॉक्स उलटा लागला वाट्टे,’ ते ओरडून म्हणाले. माझ्यासमोर माइक होता. मी म्हटलं, ‘राहू द्या काका, तसाच पाहिजे.’ ते दोन्ही बॉक्समधून सगळ्यांना ऐकू गेलं. काका तारांवरचा हात तसाच ठेवून थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग हात काढला. कार्यक्रम संपल्यावर वायर गुंडाळताना म्हणाले, ‘थो असता तं वायर काढूनच दम घेतला असता.’ मी म्हटलं, ‘मग मी पुन्हा लावली असती.’ काका म्हणाले, ‘थे बी खरं हाये.’

तर हे असं. पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही. पत्ता असता तरी मी पाठवलं नसतं, कारण वाचता वाचता तुम्ही चष्मा कपाळावर चढवून तारा सुलट्या करायला उठला असता. हे माझ्याच टेबलाच्या खणात राहील, तो उपटलेला कपॅसिटर ठेवलाय त्याच डबीखाली.

एक गोष्ट मात्र तुम्हाला कधी सांगितली नाही. बाळापूरला तुम्ही धावत येण्याआधी मी मंडपात होते, मधल्या बायकांना पाणी द्यायला. एका बॉक्सकडून दुसऱ्या बॉक्सकडे चालत गेले तर वक्त्याचा आवाज माझ्याभोवती पातळ झाला, भरला, पुन्हा पातळ झाला. पाणी संपलं होतं तरी मी रिकामी कळशी घेऊन परत तशीच चालले. तसं काही मी कधी ऐकलं नव्हतं. मी तुमच्यामागे धावत आले ते तुम्हाला थांबवायला, ‘राहू द्या ना बाबा, तसाच थोडा वेळ,’ असं म्हणायला. तुमचा चेहरा पाहिला आणि म्हणता आलं नाही. तुम्ही बोललात ते मला तेव्हा नीट ऐकूही आलं नव्हतं. मी रडले ते तुम्ही तार सुलटी केलीत आणि तो आवाज गेला म्हणून.